एका चलानाचा प्रवास: सुलतान बाजार ते तुमचा मोबाइल

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. काचीगुड्याहून तुम्ही स्कूटर काढलीत, मागे वहिनी बसल्या. त्यांना सुलतान बाजारातून साडीला जुळणारे ब्लाउजपीस घ्यायचे आहे, तुम्हाला इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पुस्तक बदलायचे आहे. अंतर केवढेसे, म्हणून वहिनींनी हेल्मेट खुंटीवरच ठेवले. चौरस्ता जवळ आला तसा दिवा पिवळा झाला. ‘निघू या’ म्हणत तुम्ही मूठ पिळलीत, पण पांढऱ्या रेघेच्या दोन हात अलीकडेच दिवा लाल झाला. थांबायचे राहून गेले. कुणी शिट्टी फुंकली नाही, कुणी हात आडवा केला नाही. ब्लाउजपीस मिळाले, पुस्तक मिळाले, चहाही झाला.

चार दिवसांनी मोबाइलवर संदेश येतो: तुमच्या गाडीवर चलान. उघडून पाहावे तर तुमचीच पाठमोरी स्कूटर. नंबर स्वच्छ वाचता येतो, वर लाल दिवा दिसतो, आणि वहिनींच्या मोकळ्या डोक्याभोवती यंत्राने एक चौकट आखून ठेवली आहे.

हा फोटो काढला कोणी, नंबर वाचला कोणी, तुम्ही चुकलात हे ठरवले कोणी? हैदराबादेतल्या मराठी घरांत चलान हा जेवणाच्या पानावरचा विषय झाला आहे, पण ते तयार कसे होते हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून या एका फोटोचा माग काढू.

आधी जागा पाहू

सुलतान बाजार मोटारींसाठी वसलेला नाही. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आधाराने ही पेठ वाढली. १९३३ साली ती निजामाकडे परत आली आणि ‘रेसिडेन्सी बाजार’ हे नाव जाऊन ‘सुलतान बाजार’ झाले. इथला घड्याळाचा मनोरा १८६५ सालचा, म्हणजे पेट्रोलवर चालणारी गाडी जन्माला यायच्या आधीचा. कोठी, पुतलीबावली, बडी चावडी, रामकोटी हा सगळा परिसर पायी चालणाऱ्यांच्या मापाचा. त्यात बस आल्या, ऑटो आले, दुचाकी आल्या, गाडेवाले तर होतेच. ७ फेब्रुवारी २०२० पासून डोक्यावरून मेट्रोही धावू लागली आणि सुलतान बाजार नावाचे स्टेशन झाले. रस्त्याची रुंदी मात्र कोणी मागून आणून देत नाही.

अशा जागी मान वर करून पाहिले तर कॅमेरे पुष्कळ दिसतात, आणि लोक सगळ्यांना सरसकट ‘ट्रॅफिकचा कॅमेरा’ म्हणतात. ते बरोबर नाही. कॅमेरे तीन जातींचे असतात.

पहिली जात राखणदार कॅमेऱ्यांची. २५ ऑगस्ट २००७ ला कोठीच्या गोकुळ चाटमध्ये बॉम्बस्फोट झाला. २१ फेब्रुवारी २०१३ ला दिलसुखनगर हादरले. त्याच वर्षी आंध्र प्रदेशाने सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला आणि गर्दी जमणाऱ्या दुकानांना, संस्थांना कॅमेरे बसवणे बंधनकारक झाले. हे कॅमेरे नुसते पाहतात आणि साठवतात, चलान करत नाहीत.

दुसरी जात पोलिसाच्या हातातल्या कॅमेऱ्याची. हैदराबादेत ही पद्धत चांगलीच मुरली आहे. हवालदार कडेला उभा राहून विनाहेल्मेट स्वाराचा किंवा आडव्या लावलेल्या गाडीचा फोटो घेतो. गाडी अडवायची नाही, वाद घालायचा नाही, चलान मागाहून घरी. इथे कॅमेरा यंत्र असला तरी नजर माणसाची असते.

तिसरी जात खऱ्या अर्थाने स्वयंचलित. चूक ओळखणारे यंत्र, फोटो काढणारे यंत्र, नंबर वाचणारेही यंत्र. आपण जिचा माग काढतो आहोत ती हीच.

पहिला टप्पा: घड्याळ आणि रेघ

सिग्नलचा कॅमेरा सारखे फोटो काढत बसत नाही. तो सिग्नलच्या नियंत्रण पेटीला जोडलेला असतो. दिवा लाल झाला की पेटी त्याला कळवते आणि त्या क्षणापासून तो जागा होतो. हैदराबादेत चौरस्त्यांवरचे दिवे एकमेकांशी आणि नियंत्रण कक्षाशी जोडणारी ‘एच-ट्रिम्स’ नावाची व्यवस्था आहे. दिव्याची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ एकच असणे ही सगळ्या कारभाराची पहिली अट. दोन सेकंदांचा फरक पडला तर निर्दोष माणूस दोषी ठरेल.

मग येते रेघ. रस्त्यावर जशी पांढरी थांबरेषा असते, तशीच कॅमेऱ्याच्या चित्रातही एक रेघ आखून दिलेली असते. रस्त्यावरची पुसट झाली तरी चित्रातली पुसली जात नाही. चाकाने ती ओलांडली की नाही हे काही ठिकाणी डांबराखाली पुरलेली तारेची वेटोळी सांगतात, काही ठिकाणी रडार, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी चित्रावरूनच संगणक ताडतो.

दिवा लाल असताना गाडी रेघेजवळ आली की पहिला फोटो, रेघ ओलांडून पुढे गेली की दुसरा. दोन फोटो कशाला? एका फोटोवरून गाडी चालली होती की थांबली होती हे सिद्ध होत नाही. रेघेवर पुढचे चाक टेकवून उभा राहिलेला आणि सरळ चौरस्ता पार करून गेलेला, दोघेही एका चित्रात सारखेच दिसतात.

या टप्प्यात खरी गोम पिवळ्या दिव्यात आहे. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला थांबायचे तर चालकाच्या लक्षात यायला सुमारे एक सेकंद आणि ब्रेक लावायला जवळपास दोन, म्हणजे पिवळा दिवा तीन सेकंद तरी हवा. ताशी ६० च्या रस्त्यावर तो चारच्या घरात जातो. पिवळा यापेक्षा आखूड ठेवला तर चांगला चालकही लालमध्ये सापडतो आणि कॅमेऱ्याच्या नावाने खडे फोडतो. म्हणून कॅमेरा बसवण्याआधी पिवळ्याची सेकंदे मोजून पाहणे हे इंजिनिअरचे पहिले काम.

दुसरा टप्पा: फोटो

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यात गाडी फूटभर पुढे सरकते आणि नंबराच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटतो. झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटली तर गाडी पावणेदोन सेंटिमीटरच सरकते आणि अक्षर धरले जाते. पण इतक्या कमी वेळात उजेड पुरत नाही. त्यावर उतारा म्हणजे कॅमेऱ्याशेजारचा अवरक्त दिवा. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, चालकाचे डोळे दिपत नाहीत, पण नंबर प्लेटच्या परावर्तक पृष्ठभागावरून तो थेट कॅमेऱ्याकडे परततो. म्हणून रात्रीच्या फोटोत गाडी काळोखात बुडालेली दिसते आणि प्लेट तेवढी दिव्यासारखी उजळते.

साधारणपणे दोन कॅमेरे जोडीने काम करतात. एक नंबर टिपणारा, जवळचे पाहणारा. दुसरा सगळा चौरस्ता दाखवणारा, म्हणजे दिवा, रेघ आणि गाडी एकाच चित्रात येतात. पहिला ‘कोण’ ते सांगतो, दुसरा ‘काय झाले’ ते सांगतो.

तिसरा टप्पा: नंबर वाचणे

चित्रात प्लेट कुठे आहे ते आधी शोधले जाते. ती तिरकी असेल तर सरळ केली जाते, मग एकेक अक्षर ओळखले जाते. अक्षर चित्रात पंधरा-वीस ठिपके तरी उंच नसेल तर ओळख डळमळते. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘एस’ आणि पाच, ‘बी’ आणि आठ या जोड्या यंत्राला हमखास चकवतात. इथे भारतीय नंबराची ठरलेली घडण उपयोगी पडते. सुरुवातीला राज्याची दोन अक्षरे, मग दोन अंक, मग अक्षरे, शेवटी अंक. तिसऱ्या जागी ‘ओ’ दिसला तर तो शून्यच असणार, हे यंत्राला शिकवता येते. शिवाय ते एका फोटोवर विसंबत नाही. लागोपाठच्या अनेक चित्रांतून वाचून बहुमताने निकाल देते.

हैदराबादेत या वाचनाला एक स्थानिक फोडणी आहे. एकाच चौरस्त्यावर तीन पिढ्यांचे नंबर धावतात: राज्य वेगळे होण्याआधीचे ‘एपी’, २०१४ नंतरचे ‘टीएस’ आणि मार्च २०२४ पासूनचे ‘टीजी’. त्यात नांदेड, लातूरकडून आलेल्या ‘एमएच’ गाड्या.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, तिचा एक उपयोग हाच. अक्षरे एका घाटाची, अंतर ठरलेले, पृष्ठभाग परावर्तक. प्लेटवर ‘आई-बाबांची कृपा’ वळणदार अक्षरांत लिहिणारे, प्लेट वाकवणारे, तिच्यावर मास्क अडकवणारे यंत्राला चकवतातच, पण अपघात करून पळालेल्यालाही तीच पळवाट मिळवून देतात.

चौथा टप्पा: डोक्यावर हेल्मेट आहे का?

लाल दिवा आणि रेघ हे भूमितीचे काम. हेल्मेट ओळखणे हे ओळखीचे काम, आणि ते अवघड. त्यासाठी संगणकाला हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येकावर माणसाने खूण करून द्यावी लागते: हे डोके, हे हेल्मेट, ही टोपी.

अडचण अशी, की परदेशी रस्त्यांच्या फोटोंवर शिकलेले यंत्र आपल्या रस्त्यावर गोंधळते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने यावर काम केले आहे. हैदराबाद आणि बंगळूर या शहरांच्या रस्त्यांवर १८२ फेऱ्या मारून तिथल्या संशोधकांनी सुमारे दहा हजार चित्रांचा संग्रह तयार केला. त्यात ऑटोरिक्षा, जनावरे, कडेची माती या सगळ्यांना स्वतंत्र ओळख दिली. पुढे तिथेच दुचाकीवरचे स्वार मोजण्याचे, तिघे बसले आहेत का आणि हेल्मेट आहे का हे हलत्या चित्रांतून ओळखण्याचे काम झाले. त्यातला कळीचा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो: हे डोके कुठल्या गाडीचे? सुलतान बाजारात दोन स्कूटरींत वीतभर अंतर असते. मागच्या स्वाराचे डोके पुढच्या गाडीच्या खात्यात गेले की दोघांना तिघे ठरवले जाते.

शिवाय इथली डोकी नाना तऱ्हांची. कोणी ओढणी गुंडाळलेली, कुणाचा पदर, कुणाची गांधी टोपी, कुणाचा बुरखा. शिखांच्या पगडीला कायद्याच्या कलम १२९ मध्येच सूट आहे, आणि चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. हे सारे यंत्राला शिकवावे लागते.

समजा एका चौरस्त्यावरून दिवसाला २०,००० दुचाकी जातात आणि यंत्र शंभरात एकदाच चुकते. ऐकायला उत्तम वाटते. पण म्हणजे रोज २०० चुकीचे निकाल, आणि त्यांतली काही थोडी जरी खोटी चलाने झाली तरी चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणून पुढचा टप्पा टाळता येत नाही.

पाचवा टप्पा: माणूस

यंत्राने काढलेले फोटो नियंत्रण कक्षात जातात. हैदराबादेत बंजारा हिल्सवर ४ ऑगस्ट २०२२ रोजी पोलिसांच्या एकात्मिक नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. शहरभरच्या कॅमेऱ्यांची चित्रे एका छपराखाली पाहता यावीत हा त्यामागचा हेतू. असा कक्ष कुठलाही असो, यंत्राचा निकाल म्हणजे नुसता संशय असतो. खुर्चीवरच्या माणसाने तो पारखायचा. नंबर वाचला तो बरोबर आहे का? नोंदीतली गाडी काळी स्कूटर आणि फोटोत लाल मोटरसायकल, असे तर नाही ना? मागून रुग्णवाहिका आली म्हणून ही गाडी रेघ ओलांडून बाजूला झाली का? पोलीस हात दाखवून पुढे बोलावत होता का? पावसाने साचलेले तळे टाळण्यासाठी ती वळली का? हे ‘का’ यंत्राला कळत नाही. या खुर्चीला पुरेसा वेळ दिला नाही तर पुढचे सगळे कायदेशीर दिसले तरी न्याय्य राहत नाही.

सहावा टप्पा: कायदा

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६ अ आले आणि रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक नजर ठेवणे ही राज्यांची जबाबदारी झाली. तपशील ठरला ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १६७ अ या नियमाने. अपघाताचा धोका मोठा असलेले महामार्गाचे पट्टे आणि मोठ्या शहरांतले महत्त्वाचे चौरस्ते इथे यंत्रे बसवायची. दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे त्यात आली आणि सोबत १३२ शहरांची यादी जोडली. त्या यादीत सर्वाधिक, म्हणजे १९ शहरे महाराष्ट्राची.

नागरिकाने लक्षात ठेवाव्यात अशा गोष्टी याच नियमात आहेत. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे. कॅमेरा असल्याची पाटी आधी दिसेल अशी लावायला हवी. सूचना पंधरा दिवसांत पाठवायला हवी. सोबत चूक आणि नंबर दोन्ही दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्राचे मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. प्रकरण मिटेपर्यंत नोंद जपून ठेवायला हवी.

पाटीचा मुद्दा अनेकांना उलटा वाटतो. कॅमेरा आहे असे आधीच सांगितले तर चोर सापडणार कसा? पण हेतू पकडण्याचा नाही, त्या जागी वेग कमी करवण्याचा आहे. पाटी वाचून वेग उतरला आणि एकही चलान झाले नाही, तर कॅमेऱ्याने आपले काम पुरे केले.

चलान गाडीच्या मालकाच्या नावे येते, कारण यंत्राला नंबर कळतो, चालक कळत नाही. गाडी भाच्याने नेली असेल तर कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणे मालकाचे कर्तव्य आहे.

वेग मोजायचा कसा?

सुलतान बाजारात दुपारी वेगाचा प्रश्नच येत नाही. तिथे गाडी चालणाऱ्या माणसाच्या मागे लागते. पण देशाचा प्रश्न वेगाचाच आहे. २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे तासाला एकोणीस. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार यांतले दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यातले, आणि सिग्नल तोडण्याच्या खात्यात शंभरात एकही नाही. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण त्याच वर्षी मेले.

वेग मोजायच्या दोन तऱ्हा. पहिली क्षणाचा वेग. रडार ठरावीक कंपनाच्या लहरी सोडते. समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून त्या परततात तेव्हा त्यांची कंपने वाढलेली असतात, जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते तशी. २४ गिगाहर्ट्झचे रडार आणि ताशी ६० ची गाडी असेल तर हा फरक सुमारे २,७०० हर्ट्झचा, म्हणजे कानाला ऐकू येईल एवढ्या सुराचा.

या यंत्राच्या इतिहासात एक गंमत आहे. वेगाचा कॅमेरा जगभर रूढ करणारा डच माणूस मॉरिस गॅटसोनिडस स्वतः मोटारशर्यतींतला गडी होता. त्याने १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली होती. वळणावर आपण किती वेगाने जातो हे मोजून आणखी वेगाने कसे जाता येईल, यासाठी त्याने यंत्र केले. १९५८ साली त्याची कंपनी निघाली आणि तेच यंत्र वेगाला लगाम घालू लागले.

क्षणाचा वेग मोजण्यात एक पळवाट राहते: कॅमेऱ्यापुरता ब्रेक, पुढे पुन्हा सुसाट. त्यावर दुसरी तऱ्हा, सरासरी वेग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून हेच चालू आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या रस्त्यावर ठिकठिकाणी कमानी उभारून त्यांवर कॅमेरे बसवले आहेत. मोटारीला सपाटीवर मर्यादा ताशी १०० ची, घाटात ६० ची. समजा दोन कमानींत दहा किलोमीटर आहेत. शंभरच्या वेगाने त्याला सहा मिनिटे लागतात. तुम्ही पाचव्या मिनिटाला दुसऱ्या कमानीखाली आलात, तर मध्ये कितीही सभ्यपणे ब्रेक दाबला असलात तरी तुमची सरासरी १२० होती. इथे रडार लागत नाही. दोन घड्याळे आणि एक भागाकार पुरतो.

आणि वेगाचा एवढा बाऊ का, तर हा हिशेब पाहा. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, लक्षात यायला एक सेकंद. रस्त्यात अचानक मूल आले. ताशी ४० ची गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ची गाडी त्याच २० मीटरच्या खुणेवर येते तेव्हा तिचा वेग अजून ५५ च्या आसपास असतो, कारण लक्षात येण्यातच सोळा-सतरा मीटर गेलेले असतात. म्हणजे एक गाडी मुलापुढे थांबते आणि दुसरी जवळपास पूर्ण वेगाने आदळते.

जीव वाचतात का?

वाचतात, पण अटींवर. वेगाच्या कॅमेऱ्यांवरच्या ३५ अभ्यासांचा २०१० साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. कॅमेऱ्यांच्या परिसरात मृत्यूचे आणि गंभीर दुखापतीचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. अभ्यास आणखी काटेकोर हवे होते, असेही त्याच आढाव्यात म्हटले आहे. सिग्नलच्या कॅमेऱ्यांची कथा जास्त गुंतागुंतीची. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काटकोनात आदळण्याचे अपघात सुमारे २५ टक्क्यांनी घटले, पण मागून धडकण्याचे १५ टक्क्यांनी वाढले. पुढच्याने घाबरून करकचून ब्रेक लावला की मागचा आदळतो. काटकोनातली धडक जास्त जीवघेणी म्हणून व्यवहार एकूण फायद्याचा ठरला, पण तो फुकटचा नव्हता. पिवळा दिवा पुरेसा लांब असावा हा आग्रह म्हणूनच.

मुंबई-पुणे मार्गाचाच दाखला पुन्हा घेऊ. २०१६ साली तिथे १५१ माणसे गेली. त्या वर्षापासून ‘शून्य मृत्यू’ मोहिमेत कठडे बसवले, धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, रुग्णवाहिकांची सोय सुधारली, पोलिसांना प्रशिक्षण दिले. कमानींवरचे कॅमेरे यायच्या आधीच मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. नागपूरने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसवर कॅमेरे बसवले, ते कुणाला दंड करण्यासाठी नव्हे, तर चालकाला धोक्याची आगाऊ सूचना देण्यासाठी आणि पुढे अपघात होऊ शकेल अशा जागा हेरण्यासाठी. त्या प्रकल्पातही हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा हात आहे.

साखळी तुटते कुठे?

पहिली तुटकी कडी सवलतीची. धाक दंडाच्या रकमेचा कमी आणि खात्रीचा जास्त असतो. ‘चुकलो तर नक्की भरावे लागेल’ हे मनात ठसले की माणूस थांबतो. तेलंगणात थकलेल्या चलानांचा डोंगर झाला तेव्हा मार्च २०२२ मध्ये दुचाकीला ७५ टक्के सूट दिली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ती ८० टक्के झाली. तिजोरीत पैसा आला, थकबाकी हलकी झाली. पण ज्याने वेळेवर भरले तो वेडा ठरला, आणि ज्याने थकवले तो पुढच्या सवलतीची वाट पाहू लागला. यंत्राने कमावलेली खात्री सवलतीने घालवली.

दुसरी कडी खाजगीपणाची. नंबर वाचणारा कॅमेरा चूक न करणाऱ्यांचेही नंबर वाचतो. कोण किती वाजता कुठून गेला, याची वही आपोआप तयार होते. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्धची याचिका तेलंगण उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. निर्दोषांची नोंद किती दिवस ठेवायची, ती कोण पाहू शकतो, हे कॅमेरा लावतानाच ठरले पाहिजे.

तिसरी कडी स्वतः रस्त्याची. पुसट थांबरेषा, झाडाआड गेलेला दिवा, दुकानांनी गिळलेला पदपथ. हैदराबाद पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ऑपरेशन रोप’ काढले ते हीच अडवणूक हटवण्यासाठी. पायी चालणाऱ्याला पदपथच नसेल तर तो रस्त्यावर उतरणार, आणि वर टांगलेला कॅमेरा त्याचा अपघात फक्त स्पष्ट चित्रित करणार.

म्हणून सुलतान बाजारापुरता निकाल द्यायचा तर असा. इथे दिवसा वेगाच्या कॅमेऱ्याचा उपयोग नाही. इथे हवेत ते उलट्या दिशेने येणारे, झेब्रा पट्ट्यावर गाडी उभी करणारे आणि सिग्नल तोडणारे टिपणारे डोळे, आणि रात्री दुकाने मिटून रस्ता मोकळा झाल्यावर वेगही मोजणारे. त्याआधी पांढरी रेघ रंगवा, पिवळ्याची सेकंदे मोजा, पदपथ मोकळा करा. मग वर्षाअखेरीस दंडाचे रुपये मोजू नका. त्या चौरस्त्यावर किती माणसे जखमी झाली ते मोजा. रुपये वाढत राहिले तर कॅमेरा नापास, चलाने आणि जखमी दोन्ही घटले तर पास.

आणि तुमच्याकडे येऊन पडलेल्या त्या चलानाचे काय? आधी फोटो नीट पाहा: नंबर तुमचाच आहे ना, गाडी तुमचीच आहे ना, तारीख, वेळ आणि ठिकाण जुळते ना. चूक यंत्राची असेल तर पुराव्यासह तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे. संदेशातल्या अनोळखी दुव्यावर पैसे भरू नका. पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहा. परिवहन खात्याच्या नोंदीत आपला पत्ता आणि मोबाइल क्रमांक आजचा आहे का, तेही तपासा. आणि चूक आपली असेल तर सवलतीची वाट न पाहता भरून टाका. मग खुंटीवरचे दुसरे हेल्मेट काढून वहिनींच्या हातात द्या. काचीगुडा ते सुलतान बाजार हे अंतर त्यासाठी पुरेसे लांब आहे.